प्रभुभोजन म्हणजे नेमकं काय? ख्रिस्ती पंथांच्या वेगवेगळ्या समजुतींबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईच्या चर्चमधली मिस्सा पाहिलेला माणूस अहिल्यानगरच्या एखाद्या प्रोटेस्टंट मंडळीत प्रभुभोजनाच्या रविवारी गेला, तर त्याला बरेच प्रश्न पडतात. इथे वेदीसमोर गुडघे का टेकत नाहीत? एका मोठ्या प्याल्याऐवजी ट्रेमध्ये बोटभर उंचीचे इतके इवलेसे ग्लास कशाला? उलट दिशेने गेलेल्यालाही असेच प्रश्न पडतात. असे नेहमी कानावर येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. दोन हजार वर्षांचा वाद असल्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत.

मिस्सा, कम्युनियन, प्रभुभोजन हे सगळं एकच का?

मूळ एकच. येशूने पकडलं जाण्याच्या आदल्या रात्री शिष्यांबरोबर शेवटचं जेवण घेतलं, त्याची ही आठवण. कॅथलिक लोक पूर्ण उपासनेला मिस्सा म्हणतात आणि त्यात भाकर घेण्याला कम्युनियन. गोव्यात कोंकणीत त्याला कुमगार म्हणतात. मराठी प्रोटेस्टंट मंडळींमध्ये प्रभुभोजन किंवा पवित्र सहभागिता म्हणतात. नावं बदलली तरी वापरायचे पदार्थ दोनच, भाकर आणि द्राक्षारस.

बायबलमध्ये याबद्दल काय आहे?

मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांत, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत, त्या रात्रीचा प्रसंग आहे. पण सगळ्यांत जुना लेखी उल्लेख प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात सापडतो. ते पत्र साधारण इसवी सन 55च्या सुमाराचं, म्हणजे शुभवर्तमानांच्याही आधीचं. गंमत म्हणजे पौल तिथे सिद्धांत मांडायला बसलेलाच नाही, तो रागावलेला आहे. करिंथच्या मंडळीत श्रीमंत लोक आधी येऊन पोटभर खात-पीत आणि उशिरा येणारे गरीब उपाशी राहत. त्यावरून त्यांना झापताना तो त्या रात्रीची हकिकत सांगतो आणि बजावतो, की अयोग्य रीतीने ही भाकर खाणारा दोषी ठरतो. पुढे याच इशाऱ्याच्या आधारावर पंथापंथांनी एकमेकांना भोजनापासून दूर ठेवलं. मूळ तक्रार मात्र पंगतीतल्या भेदभावाची होती, हे फारसं कोणी लक्षात घेत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानात त्या रात्री भाकर-प्याल्याचे शब्द नाहीत. तिथे येशू शिष्यांचे पाय धुतो. मात्र त्याच शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तो स्वतःला जीवनाची भाकर म्हणतो, आणि पुढच्या सगळ्या वादांत हा अध्याय दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून आणला जातो.

मग भांडण नेमकं कशावरून आहे?

"हे माझे शरीर आहे" या वाक्यावरून. येशू तसं म्हणाला यावर सगळ्यांचं एकमत आहे. तो भाकरीत खरोखर असतो, भाकरीबरोबर असतो, विश्वासाने खाणाऱ्याच्या अंतःकरणात असतो, की ती भाकर फक्त त्याची आठवण करून देते, एवढाच प्रश्न आहे. 'एवढाच' म्हटलं खरं, पण या प्रश्नावरून माणसं जिवंत जाळली गेली आहेत.

कॅथलिकांच्या मते भाकरीचं खरंच मांस होतं का? प्रयोगशाळेत तपासलं तर काय सापडेल?

गहूच सापडेल, आणि कॅथलिक चर्चचं म्हणणंही तेच आहे. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्विनासने ॲरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानातली भाषा घेऊन हे मांडलं. प्रत्येक वस्तूला एक मूळ तत्त्व असतं आणि बाहेरून जाणवणारे गुण असतात, म्हणजे रंग, चव, वास, वजन. एरवी बदल होतो तो गुणांमध्ये. कच्ची कैरी पिवळी झाली, गोड झाली, तरी ती आंबाच राहते. मिस्सेत याच्या अगदी उलट घडतं असं हा सिद्धांत सांगतो. फादर येशूचे शब्द उच्चारतात तेव्हा गुण सगळे जसेच्या तसे राहतात आणि मूळ तत्त्व मात्र ख्रिस्ताचं शरीर होतं. याला ट्रान्ससबस्टॅन्शिएशन म्हणतात. हा शब्द 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेत अधिकृतपणे वापरला गेला आणि 1551मध्ये ट्रेंटच्या परिषदेने प्रोटेस्टंटांना उत्तर म्हणून तो पुन्हा ठामपणे मांडला.

म्हणूनच कॅथलिक चर्चमध्ये उरलेल्या पवित्र चकत्या कुलूपबंद पेटीत ठेवतात, जवळ दिवा अखंड तेवत असतो, आणि समोरून जाणारे गुडघा टेकतात. हा केवळ शिष्टाचार समजू नका. ख्रिस्त तिथे आहे, असं ते अक्षरशः मानतात.

म्हणजे सोळाव्या शतकात जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर येईपर्यंत सगळे ख्रिस्ती एकाच मताचे होते?

असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते खरं नाही. नवव्या शतकात फ्रान्समधल्या कॉर्बी या एकाच मठातल्या दोन संन्याशांची मतं अगदी विरुद्ध होती. राडबेर्टसचं म्हणणं, वेदीवर जे असतं ते मरियेच्या पोटी जन्मलेलंच शरीर. राट्राम्नसचं म्हणणं, ख्रिस्त तिथे आहे, पण आध्यात्मिक अर्थाने. दोघांनीही याच विषयावर ग्रंथ लिहिले आणि हयातीत दोघांपैकी कोणालाही धर्मद्रोही ठरवलं गेलं नाही. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या तूर शहरातल्या बेरेंगारचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. भाकर बदलते हे त्याला पटत नव्हतं. 1059 आणि 1079मध्ये रोममध्ये त्याच्याकडून शपथेवर माघार घेववली गेली. पहिल्या शपथेतली भाषा तर इतकी ढोबळ होती, की श्रद्धाळू लोक ख्रिस्ताचं शरीर दातांनी चावतात असं त्यात म्हटलं होतं. पुढच्या कॅथलिक विद्वानांनाही ती सांभाळून घेताना घाम फुटला.

ल्यूथर आणि झ्युरिखचा धर्मसुधारक झ्विंगली दोघेही रोमच्या विरोधात होते. मग ते एकमेकांशी का भांडले?

ही गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी. 1529च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या हेस प्रांताचा शासक फिलिप याने दोघांना मारबुर्गच्या आपल्या किल्ल्यात बोलावलं. त्याचा हेतू राजकीय होता. सम्राट कॅथलिक, प्रोटेस्टंट संस्थानं थोडी, त्यांनी एकजूट केली नाही तर निभाव लागणार नाही, हे त्याला दिसत होतं. चर्चेला बसताच ल्यूथरने खडू घेऊन मेजावर लॅटिनमध्ये "हे माझे शरीर आहे" असं लिहिलं आणि वर मखमली कापड टाकलं. वाद रंगला. देहाचा काही उपयोग नाही, आत्माच जीवन देतो, हे योहानातलं वचन झ्विंगली पुन्हा पुन्हा पुढे करत होता. ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात आहे, मग ते एकाच वेळी शंभर वेद्यांवर कसं असेल, हा त्याचा सवाल. शेवटी ल्यूथरने कापड बाजूला सारलं आणि लिहिलेल्या शब्दांवर बोट ठेवलं. जे लिहिलंय ते लिहिलंय, गणित मला शिकवू नका, अशी त्याची भूमिका.

पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचं एकमत झालं. पंधराव्यातलंही बरंचसं जुळलं, सामान्य लोकांनाही प्याला मिळाला पाहिजे हे दोघांनाही मान्य होतं. अडलं ते शारीरिक उपस्थितीपाशी. निघताना झ्विंगलीने डोळ्यांत पाणी आणून बंधुत्वासाठी हात पुढे केला, पण ल्यूथर आपल्या म्हणण्यापासून हटला नाही. दोन वर्षांनी झ्विंगली कापेलच्या लढाईत मारला गेला. प्रोटेस्टंट चळवळीचे पहिले दोन तुकडे या मेजावर पडले. ल्यूथरच्या हट्टाचा मला राग येतो, हे लपवत नाही. पण जो माणूस एका वाक्यासाठी पोपपुढेही वाकला नाही, तो झ्विंगलीपुढे वाकला असता ही अपेक्षाच चुकीची होती.

लुथरन आजही मानतात, की भाकर भाकरच राहते आणि तिच्यात, तिच्याबरोबर, तिच्याखाली ख्रिस्ताचं शरीर असतं. झ्विंगलीच्या विचाराची छाप बॅप्टिस्ट, बहुतेक ब्रदरन आणि पुष्कळशा पेंटेकॉस्टल मंडळ्यांवर दिसते: हा स्मरणविधी आहे आणि येशूवरच्या विश्वासाची जाहीर कबुली आहे.

जिनिव्हाचा धर्मसुधारक कॅल्विन कोणत्या बाजूचा?

मधल्या. ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात आहे हे त्याने झ्विंगलीसारखं मानलं, पण भोजन म्हणजे नुसती आठवण, हे त्याला पटेना. पवित्र आत्मा विश्वास ठेवणाऱ्याला वर उचलतो आणि तिथे तो ख्रिस्ताच्या जीवनाने खरोखर पोसला जातो, असं तो शिकवे. 1549मध्ये झ्युरिखमधला झ्विंगलीचा वारसदार बुलिंगर याच्याबरोबर त्याने समझोता केला आणि स्विस मंडळ्या एकत्र आल्या. प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरा याच घराण्यातल्या. 1813मध्ये मुंबईत आलेलं अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल होतं, आणि मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग त्यातून घडला. भोजन दर आठवड्याला व्हावं असं कॅल्विनला वाटे. जिनिव्हाच्या नगरसभेने वर्षातून चार वेळांची परवानगी दिली. आपल्याकडच्या पुष्कळ मंडळींत ते दर रविवारी होत नाही, त्याची सवय त्या काळापर्यंत मागे नेता येते.

अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या परंपरेतल्या चर्चचं मत काय?

कोणाला विचारता त्यावर! 1549च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकात भाकर देताना पाळक म्हणे, की ख्रिस्ताचं शरीर तुझं रक्षण करो. 1552मध्ये ते वाक्य गेलं आणि त्या जागी आलं, की ख्रिस्त तुझ्यासाठी मेला याच्या स्मरणार्थ हे घे आणि खा. 1559मध्ये एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत दोन्ही वाक्यं एकापुढे एक जोडून टाकली. ज्याला जे ऐकायचं ते त्याने ऐकावं. हे धूर्त राजकारण म्हणा किंवा शहाणपण, पण तो तोडगा चार शतकं टिकला. अँग्लिकन श्रद्धा मांडणाऱ्या एकोणचाळीस कलमांमध्ये मात्र ट्रान्ससबस्टॅन्शिएशन स्पष्टपणे नाकारलं आहे आणि ख्रिस्ताचं शरीर स्वर्गीय व आध्यात्मिक रीतीने घेतलं जातं असं म्हटलं आहे. एकाच अँग्लिकन बिशपच्या क्षेत्रात एका चर्चमध्ये धूप आणि घंटा, तर दुसरीकडे साधं मेज, असं दृश्य म्हणूनच दिसतं.

पूर्वेकडच्या परंपरेतले ऑर्थोडॉक्स लोक कॅथलिकांसारखंच मानतात का?

बदल खरा आहे हे मानतात, पण तो कसा होतो याची फोड करायला ते फारसे उत्सुक नसतात. ते रहस्य आहे म्हणतात आणि थांबतात. पवित्र आत्म्याला बोलावण्याच्या प्रार्थनेला त्यांच्याकडे फार महत्त्व आहे. भाकर आंबवलेल्या पिठाची असते. यावरूनही पूर्व आणि पश्चिम भांडले: 1054मध्ये कॉन्स्टँटिनोपलमध्ये रोमच्या दूताने हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं, तेव्हाच्या तक्रारींमध्ये बिनखमिराची भाकर हा एक मोठा विषय होता. मुंबई-पुण्यातल्या मलयाळी ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही भाकर आंबवलेल्या पिठाचीच असते.

कोणी प्रभुभोजन घेतच नाही असे ख्रिस्ती आहेत का?

आहेत. क्वेकर कोणताच बाह्य विधी करत नाहीत. मुक्तिफौजेने (साल्व्हेशन आर्मी) 1883मध्ये हा विधी थांबवला. एक कारण असं, की तारणासाठी तो आवश्यक नाही आणि त्यावरून चर्च आपसात भांडतात. दुसरं व्यवहारी: ज्यांना दारूतून बाहेर काढायचं त्यांच्या ओठाला वाइन लावायची कशी? मुक्तिफौजेचं काम मुंबईत 1882मध्ये सुरू झालं होतं, आणि अहिल्यानगरचं त्यांचं हॉस्पिटल पुष्कळांच्या परिचयाचं आहे. प्रत्येक जेवण हीच प्रभूची आठवण, असं त्यांचं म्हणणं. इतर मंडळींना ते पटत नाही, पण उत्तर देताना त्यांना जरा विचार करावा लागतो.

एखाद्या मंडळीचा खरा विश्वास कसा ओळखायचा? सगळे सिद्धांत कानाला सारखेच लागतात.

विधीनंतर उरलेल्या भाकरीचं काय करतात ते बघा. कॅथलिक ती पेटीत जपून ठेवतात आणि आजाऱ्यांना नेऊन देतात. ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उरलेलं सगळं सेवक तिथेच संपवतो आणि प्याला विसळून ते पाणीही पितो. 1662च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात सूचना आहे, की पवित्र केलेलं जे उरेल ते चर्चबाहेर न नेता पाळकाने आणि काही भाविकांनी आदराने खाऊन-पिऊन टाकावं. पवित्र न केलेली भाकर मात्र पाळकाने खुशाल घरी न्यावी. बॅप्टिस्ट मंडळीत उरलेला पाव मागच्या खोलीत पोरं खातात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तोंडाने कोणी काहीही म्हणो, हात काय करतात त्यावरून कळतं.

कोविडच्या काळात हाच फरक ठळक झाला. काही प्रोटेस्टंट मंडळींनी पडद्यासमोर बसून आपापल्या घरच्या पाव-रसाने भोजन घेतलं. कॅथलिक चर्चला हे शक्यच नव्हतं. भाकर फादरच्या हातून पवित्र व्हावी लागते, म्हणून त्यांनी लोकांना घरी मनाने सहभागी होण्याची प्रार्थना शिकवली.

चपाती चालते का? आणि वाइनच पाहिजे का?

कॅथलिक नियमानुसार भाकर गव्हाचीच आणि अलीकडे केलेली, द्राक्षारस द्राक्षाचाच आणि न बिघडलेला. ग्लुटेनची ॲलर्जी असलेल्यांसाठी कमी ग्लुटेनची चकती चालते, पण ग्लुटेन अजिबात नसलेली चालत नाही, असं व्हॅटिकनने 2017मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. अशा माणसाला फक्त प्याल्यातून घेता येतं. कारण शरीर आणि रक्त वेगळं करता येत नाही, कशातूनही ख्रिस्त पूर्ण मिळतो, असं चर्च मानतं. याच तर्काने मध्ययुगात सामान्य लोकांचा प्याला बंद झाला होता. 1415मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने तशी बंदी घातली आणि त्याच परिषदेने बोहेमियाचा (आजचा चेक प्रदेश) धर्मसुधारक यान हुसला जाळलं. त्यानंतर त्याच्या तिथल्या अनुयायांनी प्याला हेच आपलं निशाण केलं.

प्रोटेस्टंटांमध्ये बरीच मोकळीक आहे. कुठे पावाचे चौकोनी तुकडे, कुठे चपाती, कुठे मनुका उकळून गाळलेला रस. न आंबलेल्या रसाची सोय अमेरिकेतल्या मेथडिस्ट थॉमस वेल्चने 1869मध्ये केली. पाश्चरीकरणाची पद्धत वापरून त्याने द्राक्षरस आंबू न देता टिकवून दाखवला. छोटे ग्लास त्यानंतरचे, जंतूंची भीती पसरल्यावर आलेले. वाइन वापरणाऱ्यांना सरकारचीही अडचण नाही, 1949च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही धार्मिक विधीच्या वाइनसाठी सोय ठेवलेली आहे.

लहान मुलांना देतात का?

ऑर्थोडॉक्स बाप्तिस्म्यापासूनच, अगदी तान्ह्या बाळालाही. कॅथलिकांमध्ये पोप दहाव्या पायसने 1910मध्ये वय साधारण सातवर आणलं, त्याआधी मुलं बरीच मोठी होईपर्यंत थांबत. वसईत पहिल्या कम्युनियनला पांढऱ्या कपड्यांतली मुलंमुली आणि त्यामागचा घरचा सोहळा दिसतो, तो या वयातला. बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळींत दृढीकरण (लहानपणीच्या बाप्तिस्म्याची मोठेपणी स्वतः दिलेली कबुली) किंवा स्वतःच्या इच्छेने घेतलेला बाप्तिस्मा झाल्यावरच.

इतके मतभेद असताना मंडळ्या एकत्र कशा आल्या?

नागपूर इथे 29 नोव्हेंबर 1970 रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, ते याचं ठळक उदाहरण. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा परंपरा त्यात विलीन झाल्या. यांतल्या चर्च ऑफ द ब्रदरनचं काम गुजरात आणि डहाणू भागात होतं. पाय धुणं, एकत्र जेवण आणि मग भाकर-प्याला, अशी त्यांची प्रीतिभोजनाची पद्धत. ती योहानाच्या प्रसंगावरून घेतलेली. सगळ्यांनी एकच व्याख्या मान्य केली म्हणून हे जमलं नाही. एका मेजावर बसायला व्याख्या जुळलीच पाहिजे ही अट त्यांनी सोडली, आणि बाप्तिस्म्याच्या बाबतीतही दोन्ही पद्धती चालू ठेवल्या. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स याच्या बरोबर उलट म्हणतात: एकत्र भोजन हा एकीकडे नेणाऱ्या वाटेचा शेवटचा टप्पा आहे, सुरुवात नव्हे. मिश्र लग्न झालेल्या घरांमध्ये नवरा एका रांगेत उठतो आणि बायको बाकावर बसून राहते, ते या तत्त्वामुळे. दोन्ही बाजूंचं म्हणणं समजतं, पण त्या बाकावर बसून राहणं सोपं नसतं.

पाहुणा म्हणून गेलो तर काय करावं?

प्रोटेस्टंट मंडळीत पाळक आधी सांगतात, बहुतेक वेळा बाप्तिस्मा झालेल्या सगळ्यांना आमंत्रण असतं. मेथडिस्ट तर आणखी मोकळे असतात. कॅथलिक मिस्सेत इतरांनी कम्युनियनसाठी पुढे जाऊ नये, बसून राहिलात तर कोणाला वाईट वाटत नाही. काही ठिकाणी छातीवर हात आडवे ठेवून पुढे गेल्यास फादर फक्त आशीर्वाद देतात, पण आधी विचारून घ्या. रांगेत नकळत चकती हातात पडलीच, तर तिथेच फादरना परत द्या. ती खिशात घालू नका. 2009मध्ये कॅनडाच्या प्रोटेस्टंट पंतप्रधानांनी एका कॅथलिक अंत्यविधीत ती खिशात टाकली अशी बातमी एका वृत्तपत्राने छापली, देशभर गदारोळ झाला, आणि बातमीला आधार नाही म्हणून त्याच वृत्तपत्राला पुढे माफी मागावी लागली.